गुणांक आणि अभिरुची : व्हिडिओ गेमच्या निवडीच्या निमित्ताने

१

एखादी कलाकृती निवडताना कोणाचे ऐकावे, जाणकारांचे की स्वतःच्या मनाचे, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. मात्र ज्या क्षेत्रात हा प्रश्न आज अत्यंत उघड्या, जवळजवळ अंकगणिती स्वरूपात उभा आहे, त्याकडे मराठीच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते क्षेत्र व्हिडिओ गेमचे होय. आपल्या पदव्युत्तर वर्गातील अनेक विद्यार्थी कादंबरीपेक्षा अधिक तास या खेळांच्या सहवासात घालवतात. कोणता खेळ घ्यावा, हे ठरवताना त्यांच्यात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी पाहावी आणि तीवर विसंबावे. दुसरा म्हणतो, आवड ही ज्याची त्याची. मला जे आवडते तेच माझ्यापुरते चांगले. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, आणि त्यांच्यातील उणीव नेमकी ओळखण्याची साधने आपल्या काव्यशास्त्रात व सौंदर्यशास्त्रात उपलब्ध आहेत, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

व्हिडिओ गेम ही कला आहे की नाही, या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. अमेरिकी चित्रपटसमीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१० मध्ये हे खेळ कधीच कला होऊ शकत नाहीत अशी भूमिका घेतली होती आणि तीवर पुष्कळ चर्चा झाली. आपल्या विवेचनापुरते एवढे मान्य केले तरी पुरे, की या खेळांत कथानक, पात्रे, चित्र, संगीत आणि खेळणाऱ्याची स्वतःची कृती यांची गुंफण असते. त्यांचा आस्वाद घेतला जातो, आणि त्या आस्वादाविषयी मूल्यविधाने केली जातात. मूल्यविधान आले, की समीक्षेचा प्रश्न आलाच.

२

या खेळांना गुण देण्याची प्रथा जुनी आहे. जपानमधील 'फामित्सू' हे नियतकालिक १९८६ मध्ये सुरू झाले. त्यात एकाच खेळाचे चार समीक्षक स्वतंत्रपणे परीक्षण करतात, प्रत्येकजण दहापैकी गुण देतो, आणि चौघांची बेरीज चाळीसपैकी छापली जाते. चाळीसपैकी चाळीस गुण मिळवणारा पहिला खेळ १९९८ मधील 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकॅरिना ऑफ टाइम' हा होता. या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चौघांचे चार आकडे वाचकाला वेगवेगळे दिसत असल्याने मतभेद झाकला जात नाही.

२००१ मध्ये अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि चित्र पालटले. निरनिराळ्या नियतकालिकांनी निरनिराळ्या मापांत दिलेले गुण शंभराच्या मापात बसवून त्यांची सरासरी काढावयाची, अशी ही व्यवस्था आहे. ही सरासरी साधी नसून भारित आहे. म्हणजे काही नियतकालिकांच्या मताला अधिक वजन दिले जाते. कोणाला किती वजन, हे मात्र जाहीर केले जात नाही. अशा रीतीने अनेक लेखकांची अनेक पानांची विवेचने एका दोन अंकी संख्येत आटवली जातात, आणि ती संख्या हिरव्या, पिवळ्या वा तांबड्या चौकोनात मांडली जाते.

या रंगांची एक गंमत पाहण्यासारखी आहे. या संकेतस्थळावर चित्रपटाला एकसष्ट गुण मिळाले की हिरवा रंग लागतो. खेळाला मात्र त्यासाठी पंचाहत्तर गुण लागतात. म्हणजे पासष्ट हीच संख्या चित्रपटाच्या बाबतीत 'चांगला' आणि खेळाच्या बाबतीत 'संमिश्र' असे दोन अर्थ सांगते. आपल्या परीक्षापद्धतीत साठ गुण हा प्रथम वर्ग. खेळाच्या बाजारात साठ गुण ही जवळजवळ नापसंती. ज्या आकड्याला वस्तुनिष्ठ मानून त्याचा आधार घ्यावयाचा, त्याचा अर्थही असा संकेतावर अवलंबून असतो. आकडा बोलतो असे आपल्याला वाटते; वास्तविक त्याच्या पाठीमागे ठरवून दिलेला संकेतच बोलत असतो.

३

गुणांकाविषयीचा पहिला आक्षेप हा, की सरासरी मतभेद पुसून टाकते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेडली प्रिमोनिशन' या जपानी खेळाचे उदाहरण बोलके आहे. 'आयजीएन' या प्रतिष्ठित संकेतस्थळाच्या समीक्षकाने त्याला दहापैकी दोन गुण दिले, तर 'डिस्ट्रक्टॉइड'च्या समीक्षकाने दहापैकी दहा. दोन आणि दहा यांची सरासरी सहा. पण हा खेळ सहा गुणांच्या योग्यतेचा आहे, असे या दोघांपैकी कोणाचेच म्हणणे नव्हते. एकाला त्यातील ओबडधोबड चित्रण आणि अवघडलेली हाताळणी असह्य वाटली. दुसऱ्याला त्याच ओबडधोबडपणातून प्रकटणारी विक्षिप्त, स्वप्नवत सृष्टी मोलाची वाटली. खेळाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तो वाचकांना असे दुभंगतो, हेच होय. सरासरीत नेमके तेच हरवते. निर्गुण सहा हा आकडा कोणाच्याही अनुभवाचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. भिन्न जातींच्या गुणांची बेरीज होऊ शकते का? फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार मूलप्रकार सांगितले : चढाओढ, नशीब, सोंग आणि भोवळ. आपल्या परंपरेतील उदाहरणे घ्यावयाची तर हुतूतू ही चढाओढ, सापशिडी हे नशीब, भातुकली हे सोंग आणि फुगडी ही भोवळ. फुगडीपेक्षा हुतूतू किती गुणांनी श्रेष्ठ, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण हसू. कारण या खेळांतून मिळणारा आनंद एकाच जातीचा नाही. व्हिडिओ गेममध्ये तर हे चारही प्रकार कमीअधिक प्रमाणात एकत्र येतात. भातुकलीच्या ओढीने खेळणाऱ्याला जे पूर्णत्व वाटेल, ते चढाओढीच्या ओढीने खेळणाऱ्याला कंटाळवाणे वाटणे स्वाभाविक आहे.

या संदर्भात आपल्या जवळचे उदाहरण पाहू. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. आपल्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका; राजस्थानी वास्तुशिल्पाची आठवण करून देणारी दृश्ये, छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडणारी कथानकाची अंगे आणि दुर्गा व विष्णू यांचे संवाद ही त्याची सामग्री. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील स्वतंत्र खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. समीक्षकांनी त्याच्या दृश्यसौंदर्याची प्रशंसा केली आणि त्यातील लढाईच्या भागाला व लहान आवाक्याला उणे ठरवले. ही दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. परंतु चित्राचे गुण आणि लढाईचे अवगुण यांची वजाबाकी करून जो आकडा निघतो, तो चित्रासाठी येणाऱ्यालाही काही सांगत नाही आणि लढाईसाठी येणाऱ्यालाही नाही. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटकांमधील संवाद, विरोध आणि समतोल यांचा विचार लयतत्त्वाच्या आधारे केला. त्या विचारात घटकांचे परस्परसंबंध महत्त्वाचे असतात. सुट्या घटकांना गुण देऊन बेरीज करण्याला तेथे जागा नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आकडा एकदा प्रमाण मानला गेला, की तो केवळ वाचकाला मार्ग दाखवीत नाही. तो निर्मात्यावर राज्य करू लागतो. 'फॉलआउट : न्यू व्हेगस' या २०१० च्या खेळाची निर्मिती ऑब्सिडियन या संस्थेने बेथेस्डा या प्रकाशकासाठी केली. मेटाक्रिटिकवर पंचाऐंशी गुण मिळाले असते तर निर्मात्यांना अधिक मोबदला मिळणार होता, मिळाले चौऱ्याऐंशी. ही गोष्ट ऑब्सिडियनच्या ख्रिस अॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितली. एका गुणाच्या अंतराला कोणताही सौंदर्यशास्त्रीय अर्थ नाही, हे समीक्षकही मान्य करतील. तरीही त्या एका गुणाने माणसांच्या श्रमाचे मोल ठरले.

४

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मग व्यक्तिगत आवड हाच एकमेव निकष उरतो. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण त्याच्या साहाय्याला धावून येईल. परंतु ही भूमिका वरवर उदार दिसली तरी तिच्यात संवादाची वाट बंद करण्याची वृत्ती दडलेली आहे. 'मला आवडले' हे विधान म्हणजे चर्चेचा शेवट मानला, तर समीक्षेला करण्यासारखे काहीच उरत नाही. इमान्युएल कान्टने १७९० च्या ग्रंथात याच अडचणीचा विचार केला. 'हे मला रुचते' आणि 'हे सुंदर आहे' ही दोन विधाने एका जातीची नाहीत, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या विधानाला नियमाने सिद्धता देता येत नाही. तरीही ते इतरांच्या संमतीची अपेक्षा बाळगते. रा. भा. पाटणकरांच्या लेखनामुळे हा विचार मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. गुणांकवादी मंडळी 'सिद्धता देता येत नाही' हा भाग विसरतात. आवडवादी मंडळी 'संमतीची अपेक्षा' हा भाग विसरतात.

नुसती आवड प्रमाण मानली म्हणजे काय होते, याचे दर्शन जून २०२० मध्ये घडले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा खेळ प्रसिद्ध झाला. व्यावसायिक समीक्षकांची सरासरी शंभरात त्र्याण्णव होती. प्रसिद्धीनंतर काही तासांतच सामान्य खेळणाऱ्यांच्या गुणांची सरासरी दहापैकी चाराच्या खाली आली. हा खेळ पुरा करावयास वीस तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे गुण देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो पुरा खेळलेला असणे शक्यच नव्हते. कथानकातील वळणांची आगाऊ फुटलेली वार्ता आणि पात्रांविषयीचे पूर्वग्रह यांतून हा रोष उसळला होता. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने प्रसिद्धीनंतर छत्तीस तास वाचकांचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. कलाकृतीचा अनुभव घेण्यापूर्वीच तिच्याविषयी निवाडा देणाऱ्या वृत्तीला 'आवड' हे नाव देणे हा शब्दाचा गैरवापर होय.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. 'निजसुखादिविवशीभाव' हे त्यांपैकी एक : स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला रसिक समोरच्या कृतीपर्यंत पोहोचतच नाही. आवडवादाला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण आहे. आपली सहृदयाची कल्पनाही हेच सांगते. सहृदय म्हणजे ज्याला काही तरी आवडते तो, असे नव्हे. काव्याच्या सततच्या सहवासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो. अभिरुची ही जन्मजात मालमत्ता नसून कमावलेली योग्यता आहे.

ती कमावण्यासाठी आवडीच्या बाहेरही जावे लागते. 'डेमन्स सोल्स' हा खेळ २००९ मध्ये जपानात प्रसिद्ध झाला, तेव्हा फामित्सूच्या चौघांनी मिळून त्याला चाळीसपैकी एकोणतीस गुण दिले. त्याची काठिण्यपातळी कठोर होती. पुन्हा पुन्हा मरण पत्करूनच खेळणाऱ्याला पुढे सरकता येत असे. जपानात तो प्रसिद्ध करणाऱ्या सोनीने अमेरिकेत तो स्वतः काढला नाही; तेथे 'अॅटलस' या दुसऱ्या प्रकाशकाने तो आणला. परंतु खेळणाऱ्यांनी एकमेकांना सांगितलेल्या अनुभवांच्या बळावर त्याची कीर्ती वाढली, आणि त्याच घराण्यातून पुढे 'डार्क सोल्स' (२०११) व 'एल्डन रिंग' (२०२२) हे खेळ आले. गुणांवर विसंबणाऱ्याने हा खेळ बाजूला ठेवला असता. सुलभ आनंदाची सवय असलेल्या आवडवाद्यानेही पहिल्या तासात तो बंद केला असता. कारणे देऊन बोलणाऱ्या माणसांनी मात्र तो तारला. दुर्बोध म्हणून प्रथम दूर लोटली गेलेली आणि नंतर जाणत्या वाचकांनी जवळ केलेली कविता आपल्या इतिहासात आहेच. मर्ढेकरांच्या कवितेच्या वाट्याला आलेला प्रवास येथे स्मरावा.

५

गुणांकाची बाजू प्रामाणिकपणे मांडावयाची तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नवा मोठा खेळ आज पाच हजार रुपयांच्या घरात जातो आणि पन्नास तास मागतो. ग्रंथालयातून आणून चार पाने चाळावीत, अशी सोय येथे नाही. विद्यार्थ्याने सावध असणे योग्यच आहे, आणि झटपट इशारा म्हणून आकड्याचा उपयोग होतो. विशेषतः तांत्रिक दोषांच्या बाबतीत पुष्कळांचे एकमत विश्वासार्ह ठरण्याचा संभव असतो. अभिनवगुप्ताच्याच परिभाषेत, 'प्रतीत्युपायवैकल्य' म्हणजे प्रतीतीच्या साधनांतील व्यंग, हेही रसविघ्नच होय. आणि साधनातील व्यंग दाखवण्यापुरता गुणांक उपयोगी पडावा.

पण या मर्यादित कामातही तो दगा देऊ शकतो. 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती पाहावयास मिळाली होती, आणि प्रारंभीची सरासरी नव्वदीच्या घरात होती. जुन्या खेळयंत्रांवरील आवृत्ती मात्र इतकी सदोष निघाली, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या विक्रीदालनातून काढून घेतला. जून २०२१ पर्यंत तो तेथे परतला नाही. पुढे २०२३ पर्यंत त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. म्हणजे आरंभीचा आकडा एका आवृत्तीविषयी होता, घेणाऱ्यांनी दुसरी घेतली, आणि आज खेळावयास मिळते ती तिसरीच. समीक्षेचा मजकूर वाचणाऱ्याला 'आम्ही केवळ संगणकावरील आवृत्ती पाहिली' हे वाक्य सापडले असते. आकड्यात वाक्याला जागा नसते.

खुद्द समीक्षकांनाही ही अडचण जाणवली. 'युरोगेमर'ने २०१५ मध्ये गुण देणे थांबवले. 'पॉलिगॉन'ने २०१८ मध्ये तोच मार्ग धरला. परंतु युरोगेमरने २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपात गुण पुन्हा आणले, ही गोष्टही लपवू नये. वाचकाला संक्षेप हवा असतो, आणि बाजार त्याला तो पुरवतो. म्हणून आकडा नाहीसा होईल अशी आशा बाळगण्यापेक्षा आकड्याच्या पलीकडे वाचणारा वाचक घडवणे, हेच अधिक व्यवहार्य आहे.

६

निवड करू पाहणाऱ्याने मग नेमके काय करावे? गुणांक पाहावा, पण त्याने थांबू नये. सर्वाधिक गुण देणारे एक आणि सर्वांत कमी गुण देणारे एक अशी दोन परीक्षणे पूर्ण वाचावीत, आणि त्या दोघांत वाद नेमका कशाविषयी आहे ते शोधावे. एकाने दोष म्हटलेली गोष्ट आपल्या लेखी गुण ठरू शकते. पण ती गोष्ट कोणती, हे कळल्याखेरीज आपली आवडही आंधळीच राहते. ज्याची दृष्टी आपल्याला परिचित आहे असा एखादा समीक्षक सातत्याने वाचावा. त्याच्याशी नेहमी सहमत होण्याची गरज नाही. त्याचे मतभेदही आपल्याला उपयोगी पडतात, कारण ते कोठून येतात हे आपल्याला माहीत असते. आणि वर्षातून एखादी तरी कृती अशी निवडावी, जी आपल्या सवयीच्या विरोधात जाणारी आहे.

हे सर्व खेळांपुरतेच खरे आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या कार्याला 'एपीआय' नावाचे गुणांक लावले, तेव्हा आपण सर्वांनीच लेखांची संख्या मोजण्याचा अनुभव घेतला आहे. पुढे २०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांपुरती ती पद्धत दूर केली. मोजण्याची सवय मात्र त्यामुळे गेली असे म्हणता येत नाही. लेख कशाविषयी आहे, यापेक्षा त्याला किती गुण, हा प्रश्न ज्या वातावरणात आधी विचारला जातो, त्याच वातावरणात वाढलेला आपला विद्यार्थी कादंबरीचे तारे आणि खेळाचे गुण पाहतो. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, याचा विचार व्हावा.

मराठीत या खेळांविषयी साधार, सकारण लेखन फार थोडे आहे. ते घडले पाहिजे, आणि ते घडवण्याची पात्रता साहित्याच्या विद्यार्थ्यापाशी आहे. कथनमीमांसा, रसविचार आणि रूपविचार ही त्याची रोजची अवजारे आहेत. पदव्युत्तर समीक्षेच्या अभ्यासक्रमात एखादा स्वाध्याय असा ठेवता येईल : आपल्या परिचयाच्या एका खेळाचे गुण न देता परीक्षण लिहा, आणि तोच खेळ नावडलेल्या सहाध्यायाला त्याचे उत्तर लिहावयास सांगा. त्या दोन लेखांतून विद्यार्थ्याला 'मला आवडले' या विधानानंतर 'कारण' हा शब्द लिहिण्याची सवय लागेल. समीक्षेचा आरंभ त्या शब्दापासून होतो. आकडा तेथपर्यंत पोहोचत नाही, आणि नुसती आवड तेथपर्यंत जाण्याची तसदी घेत नाही.